सासऱ्याची पपई, सुनेची पपई

ऊन त्या वर्षी असं होतं, की सावलीसुद्धा झाडाखालून उठून आमच्या घरात पंख्याखाली येऊन बसायची. खोटं वाटत असेल तर पंख्याला विचारा.

आमची पपईच्या रोपांची नर्सरी. ऊन भडकायच्या जरा आधी सून एक काळी बाटली घेऊन आली.

"बाबा, हा समुद्री शेवाळाचा अर्क. ऊन वाढायच्या आधीच पाण्यात कालवून मुळांशी दिला, तर रोपं तग धरतात."

आमच्या ह्यांनी झाकण उघडलं आणि नाक दाबलं. वास म्हणजे काय सांगू! भिंतीवरच्या कॅलेंडरातलं जहाज डुलायला लागलं.

"रोपांना पाणी लागतं, समुद्र नाही," हे म्हणाले.

"मग होऊन जाऊ दे पैज! डावीकडचे ट्रे माझे, उजवीकडचे तुमचे. वरची सावलीची जाळी तीच, पाणी तेवढंच. माझ्या रोपांना अर्क, तुमच्या रोपांना नाही. माझी सरस ठरली, तर यापुढे रोपांचं सगळं मी बघणार."

"आणि नाही ठरली, तर ही बाटली परत दारात नको."

लग्न होऊन आल्यापासून पोरीच्या वाट्याला नुसतं पिशव्यांत माती भरणं. रोपांबद्दल तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. म्हणून ती सकाळी ऊन चढायच्या आत, अगदी मापात, बादलीला झाकणभर अर्क घालून झारी फिरवायची.

मग ऊन आलं. तिची रोपं ताठ उभी. पण ह्यांचीही ताठ! पोरीचा चेहरा पडला.

"आई, फरकच नाही हो काही."

मला मात्र वेगळीच शंका. आमचे हे जिंकले आणि गप्प? एरवी पत्त्यांचा एक डाव जिंकले तरी सगळ्या गल्लीला ऐकवतात. त्यात गल्लीतली मांजरं ह्यांच्या मागे मागे. आधी दोन, मग चार, मग चाळीस. बरं, चार धरा. मी ह्यांची बाही हुंगली. तोच बाटलीतला वास!

"अहो, मासेमारीला गेला होतात का?"

हे कान खाजवायला लागले. "अगं, एवढं ऊन येणार म्हटल्यावर रोपांकडे बघवेना. पैजेपायी लेकरं होरपळू द्यायची का? तसलीच एक बाटली आणून घातला मीही. चोरून."

"बाबा!" सून कमरेवर हात ठेवून उभी. "मग आता कळणार कसं?"

हे आम्हाला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेले. तिथे त्यांचाच एक ट्रे होता. माना टाकलेल्या, पानांच्या कडा करपलेल्या.

"ह्या ट्रेपर्यंत आलो आणि बाटली संपली. जाळीखालीच होता, माना टाकल्या तेव्हा आज सकाळी इथे लपवला. पाणी सगळ्यांना सारखंच दिलंय, तुझी शपथ."

मला वाटलं, पोरगी आता टाळ्या पिटेल. ती खाली बसली, एकेका रोपाचा शेंडा बोटाने उचलून बघायला लागली.

"शेंडे हिरवे आहेत अजून. जगतील."

ह्यांनी ट्रे उचलला. दोन पावलं गेले, थांबले आणि मागे वळून तिला म्हणाले, "कुठे ठेवू?"

अख्ख्या जन्मात ह्या माणसाने नर्सरीत कुणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"जाळीखाली, मधोमध. आणि लगेच पाणी ओतू नका, संध्याकाळी मी बघते."

"बरं," हे म्हणाले आणि निमूट गेले.

तेव्हापासून रोपांचं सगळं सूनच बघते. मी आपली गिऱ्हाइकांना सांगते, की समुद्राला भरती आली की आमच्या पपईच्या बिया आतल्या आत हलतात. दोघांनी तर कान लावून ऐकलंसुद्धा.