तिसरा सेल

"गाडी सहा महिने उभी आहे, ताई. बॅटरी बसणारच. हे वॉरंटीत येत नाही," असं म्हणून दुकानदारानं बाबांचं वॉरंटी कार्ड काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवलं.

कार्डावर छत्तीस महिने छापलं होतं. बॅटरीला एकतीस झाले होते. बाबांना जाऊन सहा.

शेजारी उभ्या असलेल्या आईनं हळूच विचारलं, "म्हणजे माझ्या हातून बिघडली?"

"तुम्हाला कोण बोलतंय, काकू? पण कंपनी याला हलगर्जीपणा म्हणते."

आईचा चेहरा उतरला. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत जाणारी बाई ती. नवी बॅटरी मी विकतही घेऊ शकले असते. पण मग 'ह्यांची गाडी मी घालवली' हे तिच्या मनातून कधीच गेलं नसतं.

"हलगर्जीपणा कशावरून?" मी म्हणाले. "तपासलीत कुठे?"

"बाराच्या जागी साडेदहा व्होल्ट दाखवतेय. आणखी काय तपासायचं?"

आईनं पिशवीत हात घातला. मला वाटलं, रुमाल काढतेय. निघाली बाबांची वही.

बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, म्हणून दर रविवारी बॅटरीची सहाही झाकणं उघडायचे, काचेच्या नळीत अॅसिड ओढायचे आणि प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे अॅसिडची घनता, लिहून ठेवायचे. आई टॉर्च धरायची. "माझं बीपी इतक्या नेमानं बघितलं असतंत तर!" म्हणायची.

मी वही उघडली. बाबांची शेवटची नोंद रविवारची. ते बुधवारी गेले. खाली पुढच्या रविवारची तारीख होती आणि आईच्या तिरप्या अक्षरात सहा आकडे.

त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. "आई, तू कधी गेलीस खाली?"

"तुम्ही सगळे चहा घेत होतात तेव्हा."

त्यानंतरचा एकही रविवार चुकलेला नव्हता. प्रत्येक नोंदीपुढे 'इंजिन अर्धा तास.' फक्त परवाच्या रविवारी 'सुरू होत नाही.'

"तुम्हाला गाडी चालवता येते, काकू?" दुकानदारानं विचारलं.

"चालवता येत नाही. चालू करता येते."

आतून म्हातारा मिस्त्री हात पुसत आला. वहीवर वाकला आणि एका रकान्यावरून बोट खाली नेत गेला. कितीतरी वेळ.

"मालक, इकडे या. पाच सेल बाराशे साठच्या आसपास, पार शेवटपर्यंत. तिसरा बघा. बाराशे चाळीस, बाराशे पंचवीस, बाराशे, अकराशे सत्तर. उभ्या गाडीत सगळेच बसले असते. हा एकटाच का बसला?" त्याचं बोट वर सरकलं. "आणि घसरण सुरू झाली ती काकांच्या अक्षरात."

तिथे पेन्सिलीनं एक बारीक प्रश्नचिन्ह होतं. बाबांचं.

मिस्त्रीनं आम्ही आणलेल्या बॅटरीची झाकणं उघडून स्वतः मोजलं. पाच ठीक. तिसरा अकराशे वीस. दुकानदारानं बदलीचा फॉर्म ओढला.

"ही वही कंपनीला पाठवतो."

"वही नाही मिळायची," आई म्हणाली. "फोटो काढा. आणि कारणाच्या जागी नुसतं 'खराब' नका लिहू. उत्पादनातला दोष, असं लिहा. सुवाच्य."

त्यानं लिहिलं. आईनं चष्मा लावून वाचलं, दोनदा.

आठवड्याभरानं मिस्त्री नवी बॅटरी बसवायला घरी आला. आईनं त्याला आधी सहाही सेल मोजायला लावले, नवं पान उघडून आकडे लिहिले, मग वही माझ्या हातात दिली आणि स्वतः स्टिअरिंगसमोर बसली. पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झालं. मिस्त्रीनं हसून बॉनेट खाली घेतलं.

मी अर्ध्या तासासाठी घड्याळ बघितलं.

"घड्याळ काय बघतेस?" आई म्हणाली. "इकडे बस शेजारी. पुढचं शिकव."