चौथी पट्टी

“सर, अक्षर तुमचंच पाहिजे,” असं म्हणून यशोधरा रोकडेनं पिवळ्या कार्डशीटच्या सात पट्ट्या दानीएल उजागरे सरांच्या टेबलावर ठेवल्या. “माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं. मागच्या बाकावरून कुणाला वाचता यायचं नाही.”

सरांनी चष्मा काढून पुसला. शनिवारी सहविचार सभा होती. अकोले तालुक्यातले इंग्रजीचे चोवीस शिक्षक राजूरला यायचे होते आणि त्यांच्यापुढं नववीच्या वर्गावर नमुना पाठ व्हायचा होता. विषय होता, इंग्रजी परिच्छेदातली वाक्यं एकमेकांना धरून कशी लिहायची. अकरा वर्षं हा पाठ उजागरे सरांनी घेतला होता. यंदा मुख्याध्यापक आबासाहेब वाकचौरे यांनी तो रोकडे मॅडमना दिला. मॅडमना या शाळेत येऊन चौदा महिने झाले होते. सरांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

“कधी पाहिजे?”

“शनिवारी सकाळी दिल्या तरी चालेल. ही वाक्यं. मुलं पट्ट्या उलटसुलट करतील आणि परत जुळवतील.”

“आणि जोडशब्द? फर्स्टली, मोअरओव्हर, देअरफोर?”

“ते नंतर घालू ना, सर. आधी एका वाक्यातून दुसरं निघालं पाहिजे.”

ती हे नम्रपणानं म्हणाली. उद्धटपणानं म्हणाली असती तर सरांना सोपं गेलं असतं.

ती गेल्यावर शिपाई गोरक्षनाथ चहा घेऊन आला. पट्ट्या बघून म्हणाला, “पाठ मॅडमचा आन हमाली तुमची व्हय, सर?”

“कप ठेव आणि जा.”

“ऱ्हायलं. पर तुमच्यासारखं अक्षर तालुक्यात न्हाई, हे मातर खरं.”

सरांनी मॅडमनी दिलेला कागद उघडला आणि दुसऱ्याच ओळीला ओळखलं. हा परिच्छेद मनकर्णा भांगरेचा होता. सहामाहीच्या पेपरात तिनं तो लिहिला होता आणि सरांनी त्याला पाचपैकी दोन गुण दिले होते. समासात लाल शाईनं लिहिलं होतं, ‘जोडशब्द नाहीत.’

मनकर्णानं इंग्रजीत लिहिलं होतं ते असं. माझ्या लोखंडी पेटीला कुलूप नव्हतं. म्हणून आईनं ती शेळीच्या दोरीनं बांधून दिली. वसतिगृहातल्या मुली त्या दोरीला हसल्या. दुसऱ्या दिवशी मी दोरी सोडली आणि काटेरी कुंपणापलीकडं फेकली. रविवारी आई आली, तिनं पेटीकडं पाहिलं आणि काही विचारलं नाही. ती गेल्यावर दोरी गुंडाळून पेटीवर ठेवलेली दिसली, तिच्यात कुंपणाचे काटे अडकलेले होते. आता माझ्या पेटीला कुलूप आहे, पण दोरी मी आत जपून ठेवली आहे.

सरांनी कागद उलटा करून ठेवला.

नववीच्या वर्गात डाव्या भिंतीवर त्यांनी स्वतः ऑइलपेंटनं एकोणीस जोडशब्द रंगवले होते. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. आसपासच्या वाड्यांवरून आलेली मुलं ती यादी पाठ करून दहावीला पास झाली होती. त्यांतला एक राहुरीला विद्यापीठात अधिकारी होता आणि दिवाळीला फोन करायचा. मनकर्णा पाचवीत आली तेव्हा तिला इंग्रजी ‘एम’ला वळण द्यायला सरांनीच शिकवलं होतं. आठवीपर्यंत ती रोज मधल्या सुट्टीत वही दाखवायला यायची. आता ती वही घेऊन पायऱ्यांवर बसायची, आणि तिथं मॅडम डबा खात असायच्या. सर शिक्षकखोलीच्या खिडकीतून बघायचे. बघायचं नाही असं ठरवूनही बघायचे. एकदा मॅडम कशाला तरी मोठ्यानं हसल्या, तर सरांचा घास तोंडात तसाच राहिला.

गुरुवारी त्यांनी नववीला ‘माय स्कूल’ म्हणायला लावलं. हा त्यांचा स्वतःचा परिच्छेद होता, बारा वाक्यांचा. अंगद घोडेनं हात मागं बांधून तो एका दमात म्हटला.

“शाब्बास,” सर म्हणाले.

मागचे बाक खुसखुसले.

“काय झालं? दात काढायला काय झालं?”

सगळे अंगदकडं बघू लागले. शेवटी मनकर्णा उभी राहिली. “सर, त्यानी मधली दोन वाक्यं सोडली.”

“कोणती?”

“ग्राउंडचं आन लायब्ररीचं.”

सरांनी वही उघडून पाहिलं. ती दोन वाक्यं खरंच गेली होती. बारा वर्षं ते हा परिच्छेद ऐकत होते.

“अर्थ तर लागला ना?” ते जोरानं म्हणाले.

“व्हय सर,” मनकर्णा म्हणाली. “लागला.”

ती खाली बसली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, आणि सरांना तेच जास्त लागलं.

शुक्रवारी शेवटच्या तासाला सर रिकाम्या वर्गात पट्ट्या लिहायला बसले. जाड काळा स्केचपेन, खाली लाकडी फूटपट्टी. ओळ कुठं हलली नाही. चौथी पट्टी सगळ्यांत सुबक उतरली. शाई वाळायला त्यांनी सातही बाकावर ओळीनं मांडल्या. मग सहा गोळा करून पाकिटात घातल्या. चौथीची घडी घातली, तिची पुन्हा एक घडी घातली, आणि ती सदऱ्याच्या खिशात पेनामागं सरकवली. पद्धत एवढी चांगली असेल तर एका पट्टीनं काय बिघडतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पाकीट डिंकानं बंद करताना मात्र त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं.

शनिवारी पाकीट गोरक्षनाथच्या हातून मॅडमकडं गेलं, तेव्हा पाहुणे चहा संपवून वर्गात शिरत होते. ते उघडून मोजायला मॅडमना वेळ मिळाला नाही. चोवीस शिक्षक मागं खुर्च्यांवर बसले, कडेला आबासाहेब. त्यांच्या शेजारची खुर्ची सरांना दिली होती.

मॅडमनी पट्ट्या टेबलावर पसरल्या आणि फळ्यावर लावलेल्या पांढऱ्या कागदाकडं बोट दाखवलं. “ठरलं की इथं चिकटवायचं. मनकर्णा, तू आज गप्प. तुझंच आहे.”

मुलं टेबलाभोवती गोळा झाली.

“पेटीचं पयलं घ्या.”

“मंग दोरी. कुलूप नव्हतं म्हनून दोरी.”

“आन मंग हासल्या त्या. हासाय दोरी तर पायजे ना आधी!”

पाहुण्यांत हशा पिकला. डिंक लावून सहा पट्ट्या एकाखाली एक बसल्या. मॅडमनी पाकिटात बोटं घातली, ते उलटं करून झटकलं. हातातल्या कागदावरची सात वाक्यं मोजली. मग नजर मागच्या खुर्च्यांकडं गेली. सर भिंतीवरचे जोडशब्द वाचत होते.

“झालं?” आबासाहेबांनी विचारलं.

“मॅडम, हे जमत न्हाई,” अंगद म्हणाला.

“काय जमत नाही?”

“दोरी पेटीला बांधल्याली हुती. मंग तिला कुंपनाचं काटं कुठनं लागलं?”

“आन आईनी काय इचारलं न्हाई म्हनं,” मागून एक मुलगी म्हणाली. “दोरी जाग्यावर आसती तर इचारायचं कामच काय?”

“मधी एक वाक्य गेलंय, मॅडम.”

“कुठं?”

अंगदनं तिसऱ्या पट्टीच्या खाली बोट ठेवलं. मॅडमनी खालच्या तीन ओल्या पट्ट्या हळूच सोडवून खाली सरकवल्या. मधे एका पट्टीची जागा पांढरी राहिली.

“काय असेल इथं?”

“फेकली आसंल तिनी. कुंपनापल्याड.”

“लाज वाटली आसंल. मुली हासल्या ना.”

मनकर्णा मान खाली घालून बाकाची फळी नखानं खरवडत होती.

खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतले एक शिक्षक उठूनच उभे राहिले. “मॅडम, एक पट्टी मुद्दाम काढून ठेवली होय? काय डोकं लावलंत! मी सोमवारीच करतो हे माझ्या वर्गात.”

मॅडमनी रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, “पट्ट्या उजागरे सरांनी तयार केल्यात.”

सगळ्यांनी वळून पाहिलं.

“मग!” आबासाहेबांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. “एकतीस वर्षं काय उगाच? बोलले नाहीत बघा आम्हाला.”

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. वर्षभर सरांना हा आवाज हवा होता. इतका की आबासाहेबांनी पाठ दुसऱ्याला दिल्यापासून ते वर्गाकडं जाताना आबासाहेबांची खोली टाळून लांबच्या व्हरांड्यानं जायचे. आता तो आवाज बराच वेळ चालला.

तो थांबल्यावर ते उठले. फळ्यापर्यंत चालत गेले, खिशातून घडी काढली आणि उलगडली. मॅडमनी डिंकाची बाटली पुढं केली. त्यांच्या चेहऱ्याकडं पाहायचं सरांनी टाळलं. त्यांनी पट्टीच्या मागं डिंक लावला आणि ती मोकळ्या जागेत बसवली.

ती बरोबर बसली. पण बाकीच्या सहा पट्ट्या सपाट होत्या आणि हिच्यावर घड्यांच्या तीन रेघा होत्या. सरांनी बोट काढलं की मधला भाग फुगून वर यायचा. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा वर आला.

मागं कुणीतरी वहीचं पान उलटलं.

मनकर्णा बाकावरून उठली. तिनं पट्टीवरच्या घड्या पाहिल्या, सरांच्या खिशाकडं पाहिलं. मग त्यांच्या शेजारी उभी राहून दोन्ही तळवे पट्टीवर ठेवले, आणि डिंक वाळेपर्यंत ती तशीच उभी राहिली. तिनं काही विचारलं नाही.