रडणारं इंजिन

एरंडेलाचा थेंब लवकर सुटत नाही. आधी फुगतो, मग लांबतो, मागे केसाएवढी तार ओढतो आणि ती तुटली की कुठे खाली येतो. संग्रहालयातल्या जुन्या विमानाच्या नाकावरून गळणारा थेंब मात्र टपकन पडत होता. तार नाही, काही नाही.

हे बघणारी त्या दालनात मी एकटीच असेन. बाकीच्यांचे डोळे मिटलेले होते. विमानाच्या नाकावर दोन मोठे दिवे रोखलेले, खाली चांदीचं भांडं, आणि भांड्याशेजारी पांढऱ्या गणवेशातला एक गृहस्थ. लोक त्याला कॅप्टन म्हणत. त्याने कधी विमान चालवलं होतं का, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. रोज संध्याकाळी दालन बंद करून तो एकांतात इंजिनाला 'शांत' करायचा. त्याचं म्हणणं असं की, या विमानाचा वैमानिक शंभर वर्षांपूर्वी आकाशातच गेला आणि आता दुःखितांना पाहून त्याचं इंजिन रडतं. अश्रू चोळले की सांधे मोकळे होतात, प्यायले की पोट सुधारतं, डोळ्यांत घातले की दृष्टी येते. विमानाला उडता येत नव्हतं, एवढंच काय ते राहिलं होतं.

अश्रू घ्यायला लागलेल्या रांगेत माझे वडील होते. अण्णांनी हे इंजिन वीस-बावीस वर्षं सांभाळलं होतं. वर्षातून एकदा ते सुरू करून दाखवत. मोतीबिंदू वाढला तसं गेल्या वसंतात शेवटचं सुरू केलं आणि घरी बसले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर अण्णा आज-उद्या करत राहिले. आता ते डोळ्यांत अश्रू घालत होते. लोक डोळ्यांत तेल घालून एखादी गोष्ट जपतात. अण्णा तेल घालून डोळेच घालवायला निघाले होते. दोन्ही डोळे लालभडक. डॉक्टर म्हणाले होते, हे तेल आजच बंद करा, लाली उतरली की लगेच ऑपरेशन. आणखी लांबवलं तर आतला दाब वाढून नजर कायमची जाईल.

मी विमानतळाच्या प्रयोगशाळेत इंधन आणि वंगण तपासते. घरी हे सांगून काही उपयोग नव्हता. अण्णांचं एकच पालुपद, इंजिन गळतंय म्हणजे त्यात जीव आहे. जुन्या मेकॅनिक लोकांची ही समजूतच असते. गळणाऱ्या इंजिनात निदान तेल तरी आहे, गळायचं थांबलं की घाबरा. मेकॅनिक म्हणून अण्णांचं बरोबर होतं. रोगी म्हणून ते त्याच वाक्याला लटकले होते.

धागा दिला वहिनीने. पहिल्या आठवड्यात तिने चमचाभर अश्रू घेतले होते. "अहो, अख्खा दिवस संडासात काढला मी," ती म्हणाली. "बाटली तशीच मागे सारून ठेवलीय." सगळ्यांचं तेच झालं होतं. कॅप्टनने जाहीर केलं, साठलेलं पाप बाहेर पडतंय. महिन्याभराने संडासाच्या फेऱ्या थांबल्या, तेव्हा जाहीर झालं, पाप संपलं. एवढ्या लोकांचं एकदम.

मी वहिनीची जुनी बाटली आणि अण्णांची नवी घेतली, सोबत पेट्रोल, आणि दुसऱ्या दिवशी संग्रहालयात गेले. संचालकांना म्हटलं, पेट्रोल आहे, तेव्हा बाहेर पटांगणात या. रांगही मागोमाग आली. फुकटची गंमत कोण सोडतो?

"ताई, श्रद्धा बाटलीत भरता येत नाही," कॅप्टन म्हणाला.

"भरलेली दिसतेय. तुमच्या टेबलावर ओळीने मांडलीय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी दोन काचेच्या नळ्यांत पेट्रोल घेतलं. एकीत जुने अश्रू, दुसरीत नवे. दोन्ही हलवून ठेवल्या. जुने अश्रू खाली वेगळे बसले. नवे पेट्रोलमध्ये विरघळून गेले.

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. या इंजिनाचे सिलिंडरच पंख्याबरोबर गरगर फिरतात. त्याच्या पोटात पेट्रोल आणि तेल एकत्र येतात. साधं तेल पेट्रोलने धुऊन जातं, म्हणून त्या काळी एरंडेल घालत, कारण ते पेट्रोलला दाद देत नाही. इंजिनातून एरंडेल फवारत राही आणि ते नाकातोंडात जाऊन वैमानिकांची पोटं बिघडत. त्यांचं पाप कुणी मोजलं नाही. गेल्या वसंतात अण्णांनी घातलेलं एरंडेल बंद इंजिनातून झिरपलं, ते पहिल्या महिन्याचे अश्रू. ते संपले. नंतरचं तेल कुठल्याही गॅरेजात मिळतं.

"अश्रूंचं रूप बदलतं," कॅप्टन म्हणाला. "आत्म्याची अवस्था असते ती."

"मग नाकावरचं कवच उघडून अवस्था बघू या."

संचालक खोकले. गर्दी त्यांनाही आवडली होती. म्हणाले, वारसावस्तू आहे, परवानगी लागेल. तेवढ्यात रांगेतले अण्णा भिंतीला हात लावत आत गेले, मागोमाग आम्ही सगळे. दिवे त्यांनीच बंद केले. कवचाच्या खिट्ट्या दिसायची त्यांना गरज नव्हती. बोटांनी चाचपून एकेक सोडवली, आत हात घातला आणि मूठभर स्पंज बाहेर काढला. तेलाने निथळत होता. कॅप्टनचं रोज संध्याकाळचं ते 'शांत' करणं म्हणजे हा स्पंज तेलात भिजवणं. दिव्यांनी पत्रा तापला की तेल पातळ होऊन गळे. भक्तांच्या हाकेला ओ देणारा वैमानिक तो एवढाच.

कॅप्टनने आत्म्याला कुणीतरी दुखावल्याचं सांगितलं आणि मागच्या दाराकडे सरकला. संचालकांनी तेच दार लावून घेतलं. निदान आता तरी.

एक बाई बाटली हातात धरून विचारत होती, माझा गुडघा कसा हलका झाला मग? मी म्हटलं, रोज चोळलात म्हणून. चोळत राहा, पण आधी डॉक्टरांना दाखवा, आणि कुणी अश्रू विकायला आलं तर विचारा, कुठून येतात, कधी थांबतात, झाकण उघडू देता का. झाकण उघडू न देणाऱ्याकडून काही घेऊ नका.

अण्णा स्पंज नाकाशी धरून उभे होते.

"जळकं एरंडेल मी झोपेतसुद्धा ओळखीन," ते म्हणाले. "हे ते नाही, हे मला दुसऱ्याच बाटलीला कळलं होतं."

"मग घालत का राहिलात, अण्णा?"

त्यांनी स्पंज भांड्यात टाकला, हात पुसले.

"डोळ्यात सुरी जाणार, याची भीती होती गं. तेल घालत होतो तोवर ती टळत होती." मग माझा खांदा धरला. "चल. लाली उतरली की करायचं. ऑपरेशनची तारीख आजच घे."