दुइलिओच्या बापाची खुर्ची

दुइलिओ सार्तारेल्ली एकोणीस वर्षं फुटबॉलच्या मधल्या फळीत खेळला, त्यातली सोळा परगावी. उत्तरेत त्याच्या नावाचे शर्ट दुकानात टिकत नसत. देशाकडूनही अकरा सामने झाले. एवढं कमावून आमच्या गावात मात्र त्याच्या वाट्याला शिव्याच आल्या.

कारण बारा वर्षांपूर्वीचा, मे महिन्यातला, आमच्याच गावच्या संघाविरुद्धचा हंगामातला शेवटचा सामना. आम्हाला वरच्या श्रेणीत टिकायला बरोबरी पुरत होती. त्याच्या संघाला जिंकून काहीच मिळणार नव्हतं. शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली, दुइलिओने हळूच चेंडू सरकवला, तो आमच्या गोलकीपरच्या पोटाखालून आत गेला आणि आम्ही बुडालो. तो हळू फटका म्हणजे मुद्दाम केलेली चेष्टा, असं गावाने ठरवलं. गोलकीपर ओत्तोरिनोला कुणी बोललं नाही. त्याचं चौकात तंबाखूचं दुकान आहे, रोज तोंड दाखवावं लागतं. द्वेष लांबच्या माणसाचाच परवडतो.

या मार्चमध्ये दुइलिओचा बाप वारला. आमच्या समर्थक मंडळात मेलेल्या सभासदाची स्टेडियममधली खुर्ची मुलाला मिळते, पण मत घेऊन. पिशवीत घेवड्याचा पांढरा दाणा टाकला म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. पिशवी फिरवायचं काम माझं, सेक्रेटरीचं.

रविवारी प्रार्थनेनंतर दुइलिओ बापाचाच कोट घालून मंडळाच्या सभेत आला. खुर्ची हवी, एवढंच म्हणाला.

ओत्तोरिनो म्हणाला, खुर्ची कशाला, तुला तर उभ्याउभ्या गाव गाडता येतं. लोक हसले. दुइलिओने तेही गिळलं असतं, पण ओत्तोरिनोला थांबायचं कळलं नाही.

"तुझ्या बापाने बारा वर्षं त्या खुर्चीत मान खाली घालून काढली. आधी माफी माग."

दुइलिओ त्याच्याकडे वळला. "सांगू का रे?"

"सांग की. होऊ दे सगळ्यांसमोर."

"पेनल्टीआधी तू जवळ आलास. म्हणालास, हळू मार, माझ्या पोटावर मार. मी तसाच मारला. तुला तेवढाही धरता आला नाही."

ओत्तोरिनोचा चेहरा पडला. मला वाटलं, आता शिव्यांचा पत्ता बदलणार. माझा अंदाज सहसा चुकत नाही. त्या दिवशी चुकला.

मासेवाली सेत्तिमिया उठली. "बारा वर्षं तोंड शिवलं होतंस, आणि आता बापाची माती वाळली नाही तोवर गावच्या माणसाला उघडं पाडतोस?"

सगळ्यांच्या जिवात जीव आला. कालपर्यंत तो फितूर होता, आता चहाडखोर झाला.

पिशवी फिरली. त्रेचाळीस काळे, एक पांढरा. काळ्यांत माझाही होता. मला याच गावात राहायचंय. पांढरा ओत्तोरिनोच्या बोटांतून पडताना मी पाहिला.

दुइलिओने आकडा ऐकला, कोटाची बटणं लावली आणि गेला.

मग पांढरा कुणी टाकला यावरून भांडण पेटलं. गद्दाराला शोधून काढा, मंडळातून हाकला, असं जो तो ओरडत होता. त्यात सगळ्यांत चढा आवाज ओत्तोरिनोचा होता.