पाण्यातली मारामारी

समजा, आपण पाण्याखाली आहोत. गार, हिरवट पाण्याच्या अगदी तळाशी. घाबरू नका, इथे श्वास घेता येतो. आता मूठ वळा आणि शेजारच्याला ठोसा मारा बघू. पाहिलंत? हात इतका सावकाश जातो, की तो पोहोचेपर्यंत शेजारचा एक जांभई देऊन मोकळा होईल.

गोटीच्या घरी रोज संध्याकाळी असं पाणी भरायचं. उजेड मावळू लागला, की पडदे शेवाळासारखे हलायचे आणि वरचा पंखा तळ्यावरून होडी जावी तसा जायचा. मग गोटी हळूहळू ठोसा मारायची आणि आई हळूहळू गादीवर पडायची.

गोटीची आई सिनेमात पडायचं काम करायची. नायिका जिन्यावरून गडगडत खाली येते ना, ती नायिका नसतेच. तिचे कपडे घातलेली गोटीची आई असते. नायिका तेव्हा खुर्चीत बसून चहा पीत असते. पडद्यावरची मारामारी नाचासारखी बसवावी लागते, आणि बसवताना ती आधी अशी पाण्यातल्यासारखी करून बघतात. चुकलं तरी लागत नाही. नियम एकच: पडणाऱ्याने ‘हं’ म्हटल्याशिवाय कुणी हात उचलायचा नाही.

‘‘आज मी पडू?’’ गोटी रोज विचारायची.

‘‘पडणं माझं खातं,’’ आई म्हणायची. ‘‘तू मार.’’

एक दिवस आई घरी आली ती हसतच. मारामाऱ्या बसवणाऱ्या तिच्या म्हाताऱ्या मास्तरांचे गुडघे बोलायला लागले होते. जिन्यावरची मारामारी त्यांनी तिला बसवायला दिली होती.

‘‘आता पडायचं नाही, गोटे. आता पाडायचं.’’

शाळेला सुट्टी होती, म्हणून तालमीला गोटीही गेली. मोठं थोरलं दालन, मधोमध लाकडी जिना. तो कुठेच जात नव्हता, वर नुसतं छत. खाली रिकामी खोकी रचलेली आणि त्यांवर गाद्या. वरच्या पायरीवर लांब वेणीची एक मुलगी उभी होती. या वेळी पडायचं काम तिचं होतं.

वेणीवाली म्हणाली, ‘‘हं.’’

‘‘थांब,’’ आई म्हणाली. तिने खाली जाऊन एक खोकं सरळ केलं. ते सरळच होतं.

‘‘हं.’’

‘‘थांब गं. मी एकदा करून दाखवते.’’ आणि आईच पडली. छान पडली, पान गळावं तशी. मग पुन्हा एकदा दाखवलं. मग अजून एकदा.

‘‘ताई, माझं काही चुकतंय का?’’ वेणीवालीने विचारलं.

‘‘नाही गं. तुझं सगळं बरोबर आहे.’’

‘‘मग मला पडू द्या की.’’

आई पुन्हा जिना चढू लागली. मास्तर खुर्चीतून म्हणाले, ‘‘अगं, बसवणारीच पडत बसली तर बघायचं कुणी? उद्या दिग्दर्शक येतायत. तोवर ही पोरगी तुझ्या डोळ्यांदेखत पडली तर काम तुझं. नाहीतर तू आपली पडायलाच ये, बसवायला मी दुसरं कुणीतरी बघतो.’’ आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

त्या संध्याकाळी खोलीत पाणी भरलं, पण आई गादीच्या कडेला नुसती बसून राहिली.

‘‘उद्या तिला पडू देशील ना?’’ गोटीने विचारलं.

‘‘मी पडते ना, तेव्हा जमीन कुठे आहे ते मला पाठीला कळतं,’’ आई म्हणाली. ‘‘ती पडताना मला काहीच कळत नाही. नुसतं काळजात धस्स होतं.’’

गोटी विचार करत राहिली. आई पडताना तिलाही रोज तसंच व्हायचं. पण हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

‘‘मला पण होतं तसं,’’ ती म्हणाली. ‘‘तरी मी बघते.’’

आईने मान वर केली. किती वेळ ती गोटीकडे बघत होती, कोण जाणे. पाण्यात वेळ कळत नाही. मग ती उठली. गादीवर दुसरी गादी टाकली, चारही कोपरे दाबून पाहिले, ठेंगणं स्टूल पुढे ओढलं.

‘‘हनुवटी कुठे?’’

‘‘छातीला.’’

‘‘हात?’’

‘‘छातीवर. जमीन धरायला जायचं नाही.’’

‘‘आणि श्वास?’’

‘‘सोडून द्यायचा.’’

‘‘शहाणी आहेस,’’ आई म्हणाली आणि पार भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट अडकवलेले.

गोटी स्टुलावर चढली आणि गादीकडे पाठ केली. आता आई समोर होती. आईने डोळे गच्च मिटले होते.

‘‘आई, असं नाही चालणार. बघायचं खातं तुझं.’’

आईने एक डोळा उघडला.

‘‘दोन्ही.’’

हसू आलं तसा दुसराही उघडला. पडदे हलले. वरून होडी गेली.

गोटीने हनुवटी छातीला टेकवली, हात छातीवर घेतले. तिला आईचे उघडे डोळे दिसत होते, फक्त तेवढेच.

‘‘हं,’’ ती म्हणाली, आणि श्वास सोडून मागे, पाण्यात, सावकाश पडली.