येसूसाठी रडवणी

लोकांच्या पोरी रडवणं हा हिंदुरावाचा धंदा होता आणि त्याची त्याला काडीचीही लाज नव्हती. अंबरनाथच्या बुवापाड्यातला नाथाचा बँड पंचवीस वर्षं लग्नं वाजवत आला होता. नाथा स्वतः ट्रंपेट फुंकायचा. म्हणजे फुंकायचाच, त्याला वाजवणं म्हणायला जीभ रेटत नाही. बँडचं नाव राखलं ते हिंदुरावाच्या क्लॅरिनेटनं, आणि ते क्लॅरिनेट बोलकं केलं लिओसाहेबानं.

लिओसाहेब हा पोलंडातून जीव मुठीत धरून पळालेला ज्यू. लढाई संपल्यावर अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. त्याच्या घरात आज्या-पणज्यापासून लग्नांत वाजवायचं काम. त्या संगीताला तो क्लेझमर म्हणायचा. नवरीला खुर्चीत बसवायचं आणि ती रडेपर्यंत वाजवायचं, अशी त्यांच्याकडची रीत. "नवरी नहीं रोयेगा, तो शादी कच्चा," असं तो मोडक्या हिंदीत बजावायचा. दोन वर्षं रोज संध्याकाळी त्यानं शिव्या घालत हिंदुरावाच्या सुरात हुंदका बसवला आणि मग एक दिवस बोटीनं कायमचा निघून गेला.

नवरीला रडवायची ती चाल हिंदुरावानं पाठवणीला वाजवायला घेतली. तिला सगळे रडवणी म्हणू लागले. उल्हासनगरच्या कॅम्पात तर तिचा बोलबाला झाला. फाळणीत घरदार मागे टाकून आलेली ती माणसं. "वो रोनेवाला बाजा ही चाहिए, साईं," असं बजावूनच सुपारी द्यायची. नवरी राहायची बाजूला, सिंधी म्हाताऱ्याच पदरात तोंड घालून हमसून रडायच्या आणि मग ताज्यातवान्या होऊन जेवायला बसायच्या. हिंदुराव डोळे मिटून वाजवायचा खरा, पण मनात पंगतीला जिलबी आहे की बुंदी याचाच विचार असायचा.

सत्तावन्न साली त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, येसूचं, बदलापुरात जमलं. व्याही रावजीअप्पा कल्याणला कचेरीत कारकून होते आणि ते कारकून आहेत हे विसरायची मुभा ते कोणालाच देत नसत. त्यांची एकच अट होती.

"बँड आणा, हिंदुराव. पण तुम्ही वाजवायचं नाही. नवरीचा बाप लाल कोट चढवून मोटारीपुढे पिपाणी वाजवतोय, हे चार माणसांत कसं दिसतं?"

पिपाणी! हिंदुरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच घरात येसूला जन्म काढायचा होता. आज आपण तोंड सोडलं तर उद्या टोमणे तिला खावे लागतील. त्यानं शब्द दिला आणि घरी येऊन बायकोवर डाफरला. वेणूबाई म्हणाली, "तुम्ही नाही वाजवलंत म्हणून काय लग्न मोडतंय का?" मोडत नव्हतं. पण सगळ्या मुलखाच्या पोरींना आपण वाटेला लावलं आणि आपलीच पोर दुसऱ्याच्या फुंकीवर निघणार, हे त्याला फार लागलं.

लग्न लागलं. पाठवणीची वेळ आली. हिंदुराव नव्या काळ्या कोटात, फेट्यात, खांबासारखा उभा. रडवणी वाजवायला घेतली बँडातल्या दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्यानं, सखानं. सूर सगळे जागच्या जागी, हुंदक्याचा मात्र पत्ता नाही. बायका पदर सावरून तयार होत्या, पण कोणाला रडू येईना. एका मावशीनं येसूला चिमटाही काढून पाहिला. चाल तीनदा झाली. ड्रायव्हर भोंगा वाजवू लागला.

येसू मोटारीच्या दारातून मागे बापाकडे वळली. "दादा, सखाकाका काय वाजवतोय हे? मला रडूच येत नाही. तुम्ही वाजवा."

"शब्द दिलाय, बाय."

"तुम्ही दिलाय, मी नाही दिला. तुम्ही वाजवल्याबिगर मी मोटारीत बसायची नाही."

"हिंदुराव!" रावजीअप्पा करवादले. पण सखानं क्लॅरिनेट केव्हाच पुढे केलं होतं.

पहिली ओळ अशी आली की मावशीनं पदर तोंडात कोंबला. दुसऱ्या ओळीला वेणूबाई मटकन खाली बसली. तिसऱ्या ओळीचा लांब सूर धरायला हिंदुरावानं श्वास घेतला आणि नको तेव्हा डोळे उघडले. समोर येसू होती. त्याची हनुवटी थरथरली. क्लॅरिनेट सगळं ओठांवर चालतं. ओठ घट्ट धरले नाहीत तर आतली पत्ती किंचाळते. ती किंचाळली. "चींऽऽ!" त्यानं पुन्हा फुंकलं. पुन्हा "चींऽऽ!" पायाखाली कोंबडी आल्यासारखा आवाज.

येसूला फस्सकन हसू फुटलं. दोन्ही हातांनी तोंड दाबलं तरी आवरेना. मग मावशी हसली, ढोलवाला हसला, नवरदेव मुंडावळ्यांसकट हसला. नाथाला वाटलं आता हसरं काही वाजवायचंय. त्या गाढवानं वरातीची चाल सुरू केली. त्या गोंधळात येसू बापाच्या गळ्यात पडली आणि हसतच मोटारीत जाऊन बसली.

"काय ही तऱ्हा!" रावजीअप्पा कडाडले. "सून हसत घरी आणली म्हणून लोक नावं ठेवतील मला!"

"ठेवू द्या," हिंदुराव म्हणाला. नव्या कोटाच्या बाहीनं त्यानं नाक पुसलं. "हसती पोर दिलीय तुम्हाला, अप्पा. तशीच ठेवा."

रावजीअप्पा टोपी सारखी करत गाडीत चढले. मोटार बदलापूरच्या वाटेला लागली आणि हिंदुराव क्लॅरिनेट छातीशी धरून, भर मांडवात, बँडाच्या देखत लहान मुलासारखा रडत राहिला.