गिझरची पाळी

राजापेठेतल्या त्या क्लासमध्ये प्रोलॉग नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकवायचं खूळ एकट्या दीपमाला मॅडमच्या डोक्यात. बाकी सगळं गाव पायथनच्या मागं! क्लासचे मालक पियुष सर बजावून गेले होते, "आज हजेरीत दहा नावं झाली नाही, तर तुमची सातची बॅच बंद." समोर बसले होते नऊ. दहावी दामिनी, नेहमीसारखी वेळेवर बेपत्ता. कितीदा झापलं या पोरीले, म्हणून मॅडम चरफडल्या.

पण उदाहरण त्यांनी झकास शोधलं होतं. पुढच्या बाकावरच्या चौघी आणि दामिनी एकाच खोलीत राहायच्या. पाच जणी, गिझर एक, रोजची कटकट. प्रत्येकीकडून मॅडमनी अट लिहून घेतली होती. रागिणीला पूजेआधी आंघोळ हवी, आचलला केस वाळवायला अर्धा तास. दामिनीच्या चिठ्ठीत एवढंच : मले कवाबी चालते.

"कसं करायचं ते प्रोलॉगले सांगाचंच नाही. अटी सांगा, उत्तर तो शोधते," म्हणत मॅडमनी बटण दाबलं.

पडद्यावर आलं : फॉल्स. म्हणजे जमत नाही.

"घ्या! मॅडम, तुमच्या भाषेले गिझर झेपून नाही राहिला," आचल खिदळली. मागचा एक जण दप्तर आवरायला लागला. मॅडम एकेक अट काढून बघू लागल्या. रागिणीची काढली, फॉल्स. आचलची काढली, तरी फॉल्स. शेवटी सगळ्यांना लावलेली 'सातच्या आत क्लासमध्ये' ही अट फक्त दामिनीपुरती काढली, आणि खटकन पाचही नावं आली. सर्वांत खाली दामिनी. आंघोळ, सहा पन्नास ते सात दहा.

"खरं आहे," रागिणी हळूच म्हणाली. "ती रोज आमच्या मांगून आंघोळीले जाते. आमी कदी इचारलंच नाही."

तेवढ्यात ओल्या केसांनी दामिनी दारात उभी. मान खाली, बोलणी खायची तयारीच.

मॅडमना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकी अटी पोरींच्या होत्या, सातची तेवढी त्यांची स्वतःची. त्यांनी दामिनीची अट परत घातली, सातचे साडेसात केले. पाचही जणी वेळेत!

"मॅडम, आमी तिघं भाऊ, गाडी एक. तेबी जमन काय यात?" दप्तरवाल्यानं विचारलं आणि खाली बसला.

पियुष सर डोकावले. "झाले दहा?"

"झाले. पण बॅच साडेसातची."

"साडेसातले हॉल पायथनचा आहे."

"मग आमी गच्चीवर बसतो," मॅडम म्हणाल्या, आणि दामिनीकडे वळल्या. "ये, बस. तू उशिरा नव्हती येत, बाई. मीच लवकर बोलावून राहिली होती."